सॅम ह्यूस्टन : दोन राज्यांचा गव्हर्नर, एका देशाचा अध्यक्ष

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात आपल्यापैकी अनेकांचं कुणी ना कुणी राहतं. ज्याच्या नावावरून ते शहर वसलं, तो माणूस मात्र आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नसतो. सॅम ह्यूस्टन (१७९३–१८६३) टेनेसीचा गव्हर्नर होता. टेक्सास स्वतंत्र देश असताना तो दोनदा त्याचा अध्यक्ष झाला. पुढे तेरा वर्षं अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसला आणि शेवटी टेक्सासचा गव्हर्नर झाला. अमेरिकेच्या दोन वेगळ्या राज्यांतल्या मतदारांनी गव्हर्नर म्हणून निवडून दिलेला तो एकमेव माणूस.

नुसती पदांची यादी वाचली तर मात्र डोकं चक्रावतं. चेरोकी या मूळनिवासी जमातीचा हा मानलेला मुलगा, चेरोकींना त्यांच्या भूमीतून हुसकावणाऱ्या अँड्र्यू जॅक्सनचा (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष) लाडका शिष्य होता. घरी गुलाम होते, आणि गुलामगिरी नव्या प्रदेशात पसरवणाऱ्या कायद्याविरुद्ध त्याने मत दिलं. लढाई जिंकून नाव कमावलं, पण त्याआधी जवळजवळ सहा आठवडे लढाई टाळत मागे मागे गेला. हा गुंता सोडवायला त्याची एक सवय ध्यानात ठेवावी लागते. आपली माणसं किती, पैसा किती, समोरच्याचं बळ किती, हे मोजल्याशिवाय तो पाऊल टाकत नसे. हिशेब उलटा निघाला तर लोक भित्रा म्हणाले तरी मागे फिरत असे. सीमाप्रदेशातल्या राजकारण्यांत ही सवय फार दुर्मीळ होती.

सीमाप्रदेश कसा चालायचा

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत सीमाप्रदेश म्हणजे दोन देशांमधली आखलेली रेघ नव्हे. गोऱ्यांची वस्ती जिथे विरळ होत जायची आणि मूळनिवासी जमातींचा मुलूख सुरू व्हायचा, तो पट्टा. दर दहा-वीस वर्षांनी हा पट्टा पश्चिमेला सरकत असे. तिथे रोख पैसा नसायचा, न्यायालयं लांब असायची आणि प्रत्येक भांडणाच्या मुळाशी जमीन असायची. राजकारणात वर चढण्याचे मार्ग मोजके होते : एखाद्या वकिलाच्या हाताखाली शिकून वकिली, स्थानिक सैन्यदलातला हुद्दा, आणि वजनदार माणसाचा आशीर्वाद. सैन्यदलातले हुद्देही बहुधा मतदानाने मिळत, त्यामुळे सेनापतीपद ही एक निवडणूकच असे. ह्यूस्टनने हे तिन्ही मार्ग वापरले.

रोख पैशाची टंचाई किती होती याचा नमुना त्याच्याच आयुष्यात आहे. त्याचा जन्म २ मार्च १७९३ चा, व्हर्जिनियातला. वडील वारल्यावर १८०७ मध्ये आई नऊ मुलांना घेऊन टेनेसीत मेरीव्हिलजवळ आली. भावांनी सॅमला दुकानात बसवलं. त्याला ते मानवलं नाही. १८०९ मध्ये तो घरातून निघून गेला आणि हिवासी बेटावर चेरोकींमध्ये जाऊन राहिला. मुखिया ऊलूटेकाने त्याला मुलासारखं वाढवलं, भाषा शिकवली आणि ‘डोमकावळा’ या अर्थाचं चेरोकी नाव दिलं. तीन वर्षं तो तिथे होता. मधूनमधून गावात येऊन चेरोकी मित्रांसाठी भेटवस्तू उधारीवर न्यायचा. ती उधारी फेडायला १८१२ मध्ये त्याने शाळा काढली. एका सत्राची फी आठ डॉलर : एक तृतीयांश मक्याच्या रूपात, एक तृतीयांश सुती कापडाच्या रूपात आणि उरलेला तिसरा भाग रोख. मका आणि कापड हेच तिथलं चलन होतं.

पुढच्या वर्षी तो सैन्यात भरती झाला. २७ मार्च १८१४ रोजी आजच्या अलाबामातल्या हॉर्सशू बेंडला क्रीक जमातीविरुद्ध मोठी लढाई झाली. सेनापती होता अँड्र्यू जॅक्सन. ह्यूस्टनच्या मांडीत बाण घुसला. तो काढून घेऊन, नको म्हटलं असतानाही तो परत पुढे गेला आणि उजव्या खांद्यात दोन गोळ्या लागल्या. खांद्याची ती जखम मरेपर्यंत पुरती भरली नाही. जॅक्सनची नजर मात्र त्याच्यावर कायमची पडली. सीमाप्रदेशात याहून मोठं भांडवल नव्हतं.

१८१७ मध्ये सरकारने त्याला चेरोकींसाठी उप-एजंट नेमलं. काम अवघड होतं, कारण ज्यांनी वाढवलं त्यांनाच मिसिसिपीपलीकडे स्थलांतर करायला राजी करायचं होतं. ऊलूटेकाचा गट गेला. ह्यूस्टनचं म्हणणं असं की जाणं अटळ असेल तर सरकारने कबूल केलेलं सामान तरी पूर्ण मिळावं, आणि त्यासाठी तो भांडलाही. पण हकालपट्टीच्या यंत्रणेचा तो एक भाग होता, हे त्याने काही बदलत नाही. १८१८ मध्ये चेरोकी शिष्टमंडळाबरोबर तो त्यांच्याच वेशात वॉशिंग्टनला गेला. युद्धमंत्री जॉन कॅल्हून यांनी त्यावरून त्याला झापलं. थोड्याच दिवसांत ह्यूस्टनने नोकरी सोडली.

पुढची नऊ वर्षं सरळ चढणीची आहेत. नॅशव्हिलला वकिलीचा दीड वर्षाचा अभ्यास त्याने सहा महिन्यांत उरकला. मग सरकारी वकील झाला, १८२१ मध्ये टेनेसीच्या सैन्यदलाचा मेजर जनरल, १८२३ ते १८२७ प्रतिनिधीगृहाचा सदस्य, आणि १८२७ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, गव्हर्नर. प्रत्येक पायरीवर जॅक्सनचा हात पाठीशी होता. १८२९ मध्ये जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा त्याचा वारस म्हणून ह्यूस्टनचं नाव घेतलं जाई.

आणि त्याच वर्षी सगळं कोसळलं. जानेवारीत त्याचं एलायझा ॲलनशी लग्न झालं आणि तीन महिन्यांच्या आत ती माहेरी निघून गेली. कारण दोघांनीही जन्मभर कुणाला सांगितलं नाही. सोळा एप्रिलला त्याने गव्हर्नरपदाचा राजीनामा दिला आणि बोटीने पश्चिमेला, पुन्हा ऊलूटेकाकडे गेला. चेरोकींनी त्याला आपलं नागरिकत्व दिलं. फोर्ट गिब्सनजवळ त्याने व्यापाराचं ठाणं काढलं आणि टायना रॉजर्स या चेरोकी स्त्रीबरोबर संसार मांडला. या काळात त्याचं दारू पिणं इतकं वाढलं की त्यावरून टोपणनाव पडलं. असं असतानाही जमातीची गाऱ्हाणी घेऊन तो वॉशिंग्टनला जातच होता.

१८३२ मधल्या अशाच एका मुक्कामात ओहायोचे प्रतिनिधी विल्यम स्टॅनबेरी यांनी सभागृहात त्याच्यावर शिधापुरवठ्याच्या ठेक्यावरून घोटाळ्याचा आरोप केला. ह्यूस्टनने पत्र पाठवून जाब विचारला, उत्तर आलं नाही. १३ एप्रिलला रस्त्यात गाठ पडली तेव्हा त्याने स्टॅनबेरींना काठीने बदडलं. स्टॅनबेरींनी त्याच्यावर पिस्तूल रोखलं होतं, पण ते उडालं नाही. प्रतिनिधीगृहाने जवळजवळ महिनाभर खटला चालवला. शिक्षा फक्त समज देण्याची झाली. न्यायालयाने केलेला ५०० डॉलरचा दंड पुढे जॅक्सनने माफ केला. मारहाणीचं समर्थन होत नाही. पण या खटल्याने विस्मरणात गेलेला माणूस पुन्हा वर्तमानपत्रांत आला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तो लाल नदी ओलांडून टेक्सासमध्ये शिरला.

टेक्सासमध्ये नेमकं काय बिघडलं होतं

टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा भाग होता. विरळ वस्तीचा हा मुलूख भरावा म्हणून मेक्सिकोने अमेरिकी लोकांना बोलावून जमिनी दिल्या. शेतीबरोबर गुरं पाळणाऱ्या कुटुंबाला ४,६०० एकरांच्या आसपास जमीन अगदी नाममात्र शुल्कात मिळे. अटी दोन : मेक्सिकोचं नागरिकत्व आणि कॅथलिक धर्म. आलेल्यांपैकी बरेच दक्षिणेतले कापूस पिकवणारे होते आणि गुलाम घेऊन आले होते. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द केली, पण टेक्सासपुरती सूट द्यावी लागली. लोंढा हाताबाहेर जातोय हे पाहून ६ एप्रिल १८३० च्या कायद्याने अमेरिकेतून येणाऱ्यांवर बंदी घातली. बंदी कागदावर राहिली. ह्यूस्टन आला तो ही बंदी असतानाच. १८३५ मध्ये मेक्सिकोचे सत्ताधीश जनरल सांता आना यांनी राज्यांचे अधिकार काढून सत्ता मेक्सिको शहरात एकवटली आणि ठिणगी पडली.

म्हणजे या बंडामागे दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या होत्या : केंद्राच्या हुकूमशाहीविरुद्धची खरी तक्रार, आणि गुलामांवर उभी असलेली कापसाची शेती टिकवण्याची धडपड. दुसरी गोष्ट गाळून सांगितलेला इतिहास अर्धवट आहे. १८३६ मध्ये टेक्सासची राज्यघटना तयार झाली. तिने गुलामगिरी कायदेशीर ठरवली आणि मुक्त कृष्णवर्णीयांना संसदेच्या परवानगीशिवाय तिथे राहायला मनाई केली.

माघारीचे चाळीस दिवस

स्वातंत्र्याची घोषणा २ मार्च १८३६ रोजी झाली. योगायोगाने तो ह्यूस्टनचा त्रेचाळिसावा वाढदिवस होता. दोन दिवसांनी तो सरसेनापती झाला, आणखी दोन दिवसांनी अलामोचा किल्ला पडून आतले सगळे लढवय्ये मारले गेले. अकरा मार्चला तो गोंझालेसला पोचला तेव्हा हाताशी पावणेचारशे माणसं होती. कवायत कुणाला येत नव्हती, अन्नाचा साठा नव्हता, तोफा म्हणाव्यात तर कामाच्या नव्हत्या. तेरा तारखेला त्याने गाव जाळून पूर्वेकडे माघार सुरू केली.

ही माघार का, हे नकाशावर चांगलं समजतं. टेक्सासच्या नद्या वायव्येकडून आग्नेयेला वाहत समुद्राला मिळतात : ग्वाडालूप, कोलोरॅडो, ब्राझोस, ट्रिनिटी. त्या वसंतात पाऊस खूप होता आणि नद्या दुथडी भरल्या होत्या. ह्यूस्टन एक एक नदी मध्ये घालत गेला. पूर्वेकडे गोऱ्यांची वस्ती दाट, अमेरिकेतून येणारे स्वयंसेवक आणि रसद तिकडूनच येणार. सांता आना यांचं उलट होत होतं. प्रत्येक मुक्कामागणिक त्यांची पुरवठ्याची वाट लांबत होती आणि फौज तुकड्यांत विखुरत होती.

या माघारीची किंमत सामान्य कुटुंबांनी मोजली. सैन्य मागे हटतंय म्हटल्यावर गावंच्या गावं घरदार सोडून चिखलातून पूर्वेला पळाली, वाटेत रोगराईने माणसं मेली. सत्तावीस मार्चला गोलियाडला शरण आलेल्या ३०० हून अधिक कैद्यांना मेक्सिकन सैन्याने गोळ्या घातल्या. सैनिक चिडले होते. हंगामी अध्यक्ष डेव्हिड बर्नेट यांनी पत्र पाठवून सुनावलं की शत्रू तुम्हाला हसतोय, आता लढा. दोन कप्तानांनी तर पुढे मागे हटायला नकार दिला. त्यांना ह्यूस्टनने ब्राझोसच्या उतारांवर पहाऱ्याला ठेवून दिलं, म्हणजे भांडणही मिटलं आणि नदीवर पहाराही बसला. बाकीच्या फौजेला मार्चअखेरपासून सुमारे दोन आठवडे ग्रोसच्या मळ्यावर त्याने कवायत शिकवली. सिनसिनाटीच्या लोकांनी देणगी म्हणून पाठवलेल्या दोन लहान तोफा त्याच सुमारास येऊन पोचल्या.

सांता आना यांनी चूक केली ती घाईची. बर्नेटचं सरकार पकडायला ते मुख्य फौज सोडून थोडी माणसं घेऊन पुढे धावले आणि सॅन जॅसिंटो नदी व बफेलो बायू हा संथ ओढा यांच्या बेचक्यात येऊन थांबले. एकवीस एप्रिलच्या सकाळी त्यांना सुमारे ५०० माणसांची कुमक मिळाली आणि संख्या १,२०० ते १,३०० झाली. ह्यूस्टनकडे ९०० च्या आसपास. त्याने व्हिन्सचा पूल तोडायला लावला. आणखी कुमक येणं लांबलं आणि दोन्ही फौजांचा पळायचा सोपा रस्ता बंद झाला. दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास, रात्रभर चालून आलेली कुमक झोपेत आणि पहारे ढिले असताना, हल्ला झाला. लढाई अठरा मिनिटं चालली. कत्तल त्यानंतरही बराच वेळ सुरू राहिली. शरण येणाऱ्यांनाही अलामो आणि गोलियाडचा सूड म्हणून मारलं गेलं, आणि ते अधिकाऱ्यांना थांबवता आलं नाही. ह्यूस्टनच्या अहवालात ६३० मेक्सिकन ठार आणि ७३० कैदी अशी नोंद आहे. टेक्सासची माणसं दहाच्या आसपास गेली. ह्यूस्टनच्या घोट्याचं हाड गोळीने फुटलं.

दुसऱ्या दिवशी साध्या सैनिकाच्या कपड्यांत लपलेले सांता आना सापडले. फाशी द्या असा गलका झाला. ह्यूस्टनने दिली नाही, आणि माझ्या मते सबंध युद्धातला हा त्याचा सर्वांत मोलाचा निर्णय आहे. टेक्सासमध्ये अजून हजारो मेक्सिकन सैनिक जनरल फिलिसोला यांच्या हाताखाली होते. ती फौज चालून आली असती तर नऊशे थकलेली माणसं टिकली नसती. जिवंत सांता आना यांच्याकडून ह्यूस्टनने माघारीचा हुकूम लिहून घेतला, आणि फिलिसोला मागे फिरले.

रिकामी तिजोरी

सप्टेंबर १८३६ मध्ये ह्यूस्टनला ५,११९ मतं मिळून तो अध्यक्ष झाला. हेन्री स्मिथ यांना ७४३, आणि वसाहतीचा पाया घालणाऱ्या स्टीफन ऑस्टिन यांना ५८७. ह्यूस्टनने ऑस्टिनना परराष्ट्रमंत्री केलं, पण डिसेंबरात ते वारले.

नव्या देशाकडे पैसा नव्हता, कर्ज मात्र साडेबारा लाख डॉलरच्या आसपास होतं. उत्पन्न मुख्यतः जकातीचं. सैनिकांना पगाराऐवजी जमीन द्यायचे : तीन महिन्यांच्या सेवेला ३२० एकर, सहा महिन्यांना ६४०. पगाराची ही पद्धत स्वस्त वाटते, पण तिच्यात खोट होती. लढाई संपल्यावरही जमिनीच्या आशेने अमेरिकेतून स्वयंसेवक येत राहिले. त्यांना लढायला शत्रू हवा होता, म्हणून मेक्सिकोवर स्वारी करा असा धोशा सुरू झाला. शिस्त इतकी ढासळली की १८३७ मध्ये नव्या सेनापतीला जुन्या सेनापतीने द्वंद्वयुद्धात जायबंदी केलं. ह्यूस्टनने मे महिन्यात सहाशे माणसं ठेवून बाकी सगळ्यांना बेमुदत रजेवर पाठवून दिलं. सैन्य नाही म्हटल्यावर स्वारीचा प्रश्नच मिटला.

घटनेप्रमाणे अध्यक्षाला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं. डिसेंबर १८३८ मध्ये मिराबो लमार आले. दोघांच्या धोरणांतला फरक आकड्यांत दिसतो. लमार यांना पॅसिफिकपर्यंत पसरलेलं साम्राज्य हवं होतं. मूळनिवासी जमातींविरुद्धच्या मोहिमांवर त्यांनी तीन वर्षांत सुमारे २५ लाख डॉलर उधळले. ह्यूस्टनच्या दुसऱ्या कारकिर्दीत हा खर्च एक लाखाच्या आसपास होता. लमार यांच्या काळात छापलेल्या, लाल शाईच्या नोटा एका डॉलरला दोन-तीन सेंटपर्यंत घसरल्या. व्याज देणाऱ्या नोटा बंद करून नुसता कागद, तोही जकातीच्या ऐपतीच्या कितीतरी पट, छापला की दुसरं काय होणार? १८४१ मध्ये सांता फे काबीज करायला पाठवलेली तीनशेवर माणसांची तुकडी वाट चुकून, भुकेने गळाठून, एकही गोळी न झाडता मेक्सिकोला शरण गेली.

डिसेंबर १८४१ मध्ये परत आलेल्या ह्यूस्टनने खर्चाला कात्री लावली. खाती एकत्र केली, पदं रद्द केली, स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. नव्या नोटा काढल्या पण दोन लाख डॉलरची मर्यादा घालून, आणि जकात भरायला त्या चालतील अशी तरतूद करून. नोटेला किंमत येते ती सरकार स्वतः ती परत घेतं म्हणून, हे त्याने ओळखलं होतं. सुरुवातीला त्याही घसरल्या, नंतर हळूहळू सावरल्या.

याच काळात त्याचा कस लागला. १८४२ मध्ये मेक्सिकन फौजा दोनदा सॅन अँटोनियोत घुसल्या. संसदेने युद्धाचा कायदा मंजूर करून त्याला जवळजवळ अमर्याद अधिकार देऊ केले. त्याने तो कायदा नामंजूर केला, कारण खर्चाला पैशाऐवजी पडीक जमीन दाखवलेली होती. लोकांनी शिव्या घातल्या. शेवटी दबावाखाली एक मोहीम निघाली, आणि परतीचा हुकूम झाल्यावर त्यातली तीनशेच्या आसपास माणसं तो न मानता सीमेपलीकडच्या मीएर गावावर चालून गेली. पकडली गेली, निसटली, पुन्हा पकडली गेली. मेक्सिकोत पुन्हा सत्तेवर आलेल्या सांता आना यांनी दहातला एक मारायचा हुकूम दिला. मडक्यात १५९ पांढरे आणि १७ काळे घेवड्याचे दाणे घातले. काळा दाणा निघालेल्या सतरा जणांना २५ मार्च १८४३ रोजी गोळ्या घातल्या.

जमातींशी त्याने करारांचा मार्ग धरला : व्यापारी ठाणी, भेटवस्तू, ठरलेल्या जागी वार्षिक बैठक. सप्टेंबर १८४३ चा बर्ड्स फोर्टचा करार त्यातला महत्त्वाचा. पण या बाबतीतलं त्याचं सर्वांत मोठं अपयश आधीच घडून गेलं होतं. फेब्रुवारी १८३६ मध्ये, युद्ध तोंडावर असताना, त्याने पूर्व टेक्सासमधल्या चेरोकींचा मुखिया बोल्स याच्याशी करार करून त्यांच्या जमिनीची हमी दिली. चेरोकी तटस्थ राहिले. टेक्सासची पाठ सुरक्षित राहिली. काम झाल्यावर टेक्सासच्या सिनेटने १८३७ मध्ये करार फेटाळला. १८३९ मध्ये लमार यांच्या फौजेने चेरोकींना हाकलून लावलं. ऐंशी ओलांडलेला बोल्स नेचेस नदीजवळ १६ जुलैला मारला गेला, कमरेला ह्यूस्टनने भेट दिलेली तलवार होती. ह्यूस्टन संसदेत या प्रकारावर तुटून पडला. दिलेला शब्द मात्र पाळला गेला नाही तो नाहीच.

अमेरिकेत सामील कसं व्हायचं

टेक्सास अमेरिकेत गेला तर गुलामगिरीचं आणखी एक राज्य वाढणार, म्हणून उत्तरेतल्यांचा विरोध होता. शिवाय मेक्सिकोशी युद्धाची भीती. ह्यूस्टनने ब्रिटन आणि फ्रान्स यांच्याशी जवळीक वाढवली. टेक्सास ब्रिटनच्या पंखाखाली जाईल ही धास्ती वॉशिंग्टनमध्ये जितकी वाढेल तितका आपला भाव वाढेल, हा त्यामागचा हिशेब.

पहिला प्रयत्न कराराचा. करार संमत व्हायला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. ८ जून १८४४ रोजी तो ३५ विरुद्ध १६ मतांनी पडला. मग राष्ट्राध्यक्ष टायलर यांच्या बाजूने वेगळी वाट काढली गेली : दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव. त्याला साधं बहुमत पुरतं. प्रतिनिधीगृहात १२० विरुद्ध ९८, सिनेटमध्ये २७ विरुद्ध २५. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर ठराव पडला असता. २९ डिसेंबर १८४५ रोजी टेक्सास अठ्ठाविसावं राज्य झालं. अट अशी की टेक्सासच्या सरकारी जमिनी टेक्सासकडेच राहतील, आणि कर्जही. ते कर्ज फिटायचा मार्ग १८५० मध्ये निघाला. टेक्सासने न्यू मेक्सिकोवरचा दावा सोडला आणि त्याबदली केंद्राने एक कोटी डॉलर द्यायचे ठरलं. तोवर सिनेटर झालेल्या ह्यूस्टनने त्या तडजोडीला पाठिंबा दिला.

मधल्या काळात घर बदललं होतं. १८४० मध्ये त्याने अलाबामाच्या मार्गारेट ली हिच्याशी लग्न केलं. आठ मुलं झाली. तिने त्याची दारू सोडवली.

एकटं मत

१८५४ पर्यंत ह्यूस्टन राष्ट्राध्यक्षपदाच्या चर्चेत होता. त्या वर्षी कॅन्सस-नेब्रास्का कायदा आला. १८२० पासून एक समझोता होता की ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला, मिसुरी वगळता, नव्या प्रदेशात गुलामगिरी नसेल. नवा कायदा ती रेघ पुसून निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोपवत होता. दक्षिणेच्या दृष्टीने हा विजय होता. दक्षिणेतल्या डेमोक्रॅट सिनेटरांपैकी एकट्या ह्यूस्टनने विरोधात मत दिलं.

त्याची कारणं नीट पाहायला हवीत, कारण त्याला गुलामगिरीचा विरोधक ठरवण्याची चूक वारंवार होते. तो गुलामगिरी उठवा म्हणत नव्हता. जुनी तडजोड मोडली की उत्तर खवळेल, संघराज्य फुटेल आणि त्या भांडणात दक्षिणच संपेल, असं त्याचं म्हणणं होतं. दुसरं कारण बहुतेक जण विसरतात. तो मुलूख पूर्वेतून हाकललेल्या जमातींना कायमचा म्हणून दिलेला होता. तो पुन्हा वसाहतीला खुला करणं म्हणजे पुन्हा शब्द मोडणं, हे त्याने सिनेटमध्ये लांबलचक भाषणात मांडलं.

टेक्सासच्या विधिमंडळाने त्याचा निषेध केला. सिनेटर तेव्हा विधिमंडळ निवडत असे, थेट मतदान १९१३ पासून सुरू झालं. त्यामुळे विधिमंडळ फिरलं म्हणजे जागा गेली. ह्यूस्टनने १८५७ मध्ये सिनेटर असतानाच गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली आणि चार हजारांच्या आसपास मतांनी हरला. सार्वजनिक निवडणुकीतली ही त्याची पहिली हार. विधिमंडळाने त्याची मुदत संपायच्या सव्वा वर्ष आधीच दुसरा सिनेटर निवडून ठेवला. या पडत्या काळात त्याने स्थलांतरितांविरुद्धच्या नो-नथिंग पक्षाशी सलगी केली, आणि मेक्सिको अमेरिकेच्या संरक्षणाखाली घ्यावा असाही प्रस्ताव मांडला. दोन्ही गोष्टी त्याच्या नावाला शोभणाऱ्या नाहीत. तरी १८५९ मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याला, हार्डिन रनेल्सला, त्याने हरवलं आणि डिसेंबरात गव्हर्नर झाला.

१६ मार्च १८६१

नव्या प्रदेशात गुलामगिरी पसरू देण्याच्या विरोधात असलेले लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर दक्षिणेतली राज्यं एकेक करून फुटू लागली. टेक्सासमध्ये फुटायचा ठराव करायला विधिमंडळाची बैठक हवी, आणि ती बोलावणं गव्हर्नरच्या हातात. ह्यूस्टनने आधी ती बोलावलीच नाही. लोकांनी परस्पर अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडायला सुरुवात केली, तेव्हा त्याने बैठक बोलावली, अशा आशेने की विधिमंडळ त्या अधिवेशनाला बेकायदा ठरवेल. विधिमंडळाने उलट मान्यता दिली. १ फेब्रुवारीला अधिवेशनाने १६६ विरुद्ध ८ मतांनी फुटण्याचा ठराव केला. त्याने एवढं मात्र पदरात पाडून घेतलं की ठराव लोकांपुढे जाईल. २३ फेब्रुवारीला ४६ हजारांवर मतं बाजूने पडली, १४ हजारांवर विरोधात.

हा कौल त्याने मानला. इथे त्याची भूमिका बारीक आहे. त्याच्या मते टेक्सास संघराज्यातून बाहेर पडला असेल तर तो पुन्हा पूर्वीसारखा स्वतंत्र देश झाला. दक्षिणेच्या नव्या संघात सामील व्हा, असं लोकांनी कधी मतदानात सांगितलेलंच नाही. अधिवेशनाने ते परस्पर केलं आणि सर्व अधिकाऱ्यांनी नव्या संघाच्या निष्ठेची शपथ घ्यावी असा हुकूम काढला. सोळा मार्चला राजधानी ऑस्टिन शहरातल्या सभागृहात त्याचं नाव तीनदा पुकारलं गेलं. तो तळघरातल्या कचेरीत लाकूड तासत बसून राहिला, वर गेला नाही. पद रिकामं झाल्याचं जाहीर करून उपगव्हर्नर एडवर्ड क्लार्क यांना शपथ दिली.

लिंकन यांच्याकडून सैन्याची मदत देऊ केली गेली होती. ह्यूस्टनने ती नाकारली. आकडे त्याच्यासमोर होते : तीनास एक असा कौल, टेक्सासमधली संघराज्याची फौज जनरल ट्विग्ज यांनी फेब्रुवारीतच शत्रूच्या हवाली केलेली, आणि स्वतःच्याच लोकांवर गोळ्या झाडायची तयारी नाही. पुढच्या महिन्यात गॅल्व्हेस्टनला चिडलेल्या जमावापुढे त्याने सांगितलं की लाखो माणसं आणि अगणित संपत्ती घालवून कदाचित दक्षिण जिंकेलही, पण तसं होईल असं मला वाटत नाही. उत्तरेची माणसं थंड रक्ताची आहेत, पण एकदा हलली की थांबत नाहीत.

त्याचा थोरला मुलगा, सॅम, दक्षिणेच्याच फौजेत गेला आणि १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत जखमी होऊन कैद झाला. ४ जुलै १८६३ रोजी व्हिक्सबर्ग पडलं, मिसिसिपी नदी उत्तरेच्या ताब्यात गेली आणि टेक्सास उरलेल्या दक्षिणेपासून तुटला. बावीस दिवसांनी, २६ जुलैला, हंट्सविलमधल्या भाड्याच्या घरात न्यूमोनियाने ह्यूस्टन वारला. त्याच्या मालमत्तेच्या यादीत जमिनींबरोबर बारा गुलामांची नोंद आहे. टेक्सासमधल्या गुलामांना मुक्तीचा हुकूम वाचून दाखवला गेला तो १९ जून १८६५ रोजी, गॅल्व्हेस्टनमध्ये.